कॅल्शियमची डबी

माझ्या डोक्यावरची केस गेलेली जागा सगळ्यात आधी मोठ्या आईला दिसली. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीवर दोन भावांचं एकच घर होतं, आणि मोठे पप्पा वारल्यावरही चूल एकच राहिली. मम्मी अंगणवाडीत शिकवायची, तिला सकाळी घाई असायची, म्हणून लहानपणापासून माझी वेणी मोठ्या आईच्याच हातची. रविवारी विहारातून वंदना करून आलो की ती मला पायरीवर बसवायची, तेलाची वाटी उन्हात ठेवायची आणि माझं डोकं आपल्या दोन गुडघ्यांमध्ये धरायची. त्या रविवारी तिचा अंगठा उजव्या कानाच्या वर थांबला.

"हे काय गं? चाई लागली का काय?"

मी मान खालीच ठेवली. मी तशीही फार बोलत नसे, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. तिने कांदा ठेचून त्याचा रस त्या जागेवर चोळला. खूप झोंबलं. झोंबत असताना मला माहीत होतं की ही चाई नाही. ते केस मीच उपटले होते.

तेव्हा मी नववीत होते. श्रीरामपूरच्या इंग्रजी शाळेत जाणारी आमच्या भावकीतली मी पहिली. अभ्यासाला बसले की डावा हात पुस्तकावर असायचा आणि उजवा आपोआप वर जायचा. बोटं एखादा जाड, थोडा वाकडा केस शोधून काढायची. तो निघाला की क्षणभर आतून काहीतरी सैल व्हायचं. मग पुन्हा घट्ट. मी ठरवून करत नव्हते आणि ठरवून थांबवूही शकत नव्हते. वहीच्या खाली पडलेले केस गोळा करून मी खिडकीतून बाहेर टाकायचे. शाळेत बाकावर पडलेले केस मागच्या मुलींनी पाहिले आणि त्या मला एक नाव ठेवून मोकळ्या झाल्या. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

कांद्याने काही झालं नाही, तेव्हा मम्मी मला श्रीरामपूरला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून मला हळूच विचारलं, "बाळा, तू ओढतेस का?" मी मम्मीकडे पाहिलं. मम्मी म्हणाली, "नाही हो, ती कशाला ओढेल?" डॉक्टरांनी तिच्याशी वाद घातला नाही. कागदावर नगरच्या एका बाईंचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, हे कातडीचं काम नाही.

त्या डॉक्टरीणबाई मनोविकाराच्या होत्या, हे पप्पांना पत्ता वाचून कळलं. पप्पा शुगर फॅक्टरीच्या ऑफिसात होते आणि विहारात कार्यक्रम असला की भाषण तेच करायचे. आमच्या घरात देव्हारा नव्हता. अंगात येणं, उतारा, लिंबू, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे आणि पप्पांना त्याचा फार अभिमान होता. शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी दातखीळ बसून पडायची, तिला देवऋषीकडे नेलं म्हणून पप्पा तिच्या बापाला चारचौघांत बोलले होते. त्यामुळे डॉक्टरकडे जायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. पण पप्पांनी पत्त्याच्या कागदाची घडी करून खिशात घातली आणि मम्मीला म्हणाले की हे बाहेर जाता कामा नये, आणि घरातही नको. पोरीकडे सगळ्या भावकीचे डोळे लागलेत. उद्या तिचं लग्न करायचं आहे.

घरात म्हणजे मोठ्या आईला. आमच्याखेरीज घरात दुसरं होतंच कोण?

मोठ्या आईला सांगितलं गेलं की माझ्या अंगात कॅल्शियम कमी आहे, त्यामुळे केस जातात, आणि नगरच्या डॉक्टरकडे कोर्स करायचा आहे. एका शनिवारी मम्मी आणि मी एस.टी.ने नगरला गेलो. दवाखाना वरच्या मजल्यावर होता, खाली औषधांचं दुकान. मम्मीने आधी समोरच्या फुटपाथवरून त्या इमारतीसमोरून एक चक्कर मारली, ओळखीचं कोणी नाही ना ते पाहिलं, मगच आम्ही जिना चढलो. वर बाकांवर माझ्याएवढी, माझ्याहून लहान अशी बरीच मुलं आयांबरोबर बसली होती. कोणीच कोणाकडे पाहत नव्हतं. शेजारच्या बाईंनी मम्मीला विचारलं, "तुमचं काय?" मम्मी म्हणाली, "डोकं दुखतं तिचं." त्या म्हणाल्या, "याचंही डोकंच दुखतं." त्यांचा मुलगा आपल्या मनगटावरची बाही खाली ओढत होता.

आत डॉक्टरीणबाई प्रश्न मला विचारत होत्या आणि उत्तरं मम्मी देत होती. झोप? लागते. जेवण? जेवते. मैत्रिणी? आहेत की. थोड्या वेळाने बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि एकदम इंग्रजीत बोलायला लागल्या. मम्मीला इंग्रजी येत नव्हतं. ती माझ्या शेजारीच बसली होती, तिचा हात माझ्या दप्तरावर होता, आणि मी तिच्या कानाशी बसून बाईंना पहिल्यांदा सगळं सांगितलं. केस मी उपटते. झोप लागत नाही. वर्गात उभं केलं की घसा आवळतो. सकाळ होऊच नये असं वाटतं, हेही सांगितलं. मराठीत मला हे सांगताच आलं नसतं. मराठी माझ्यासाठी घरची भाषा होती, आणि घरात असलं काही बोलायला जागा नव्हती. मम्मी मध्येच कौतुकाने हसली. मुलगी डॉक्टरांशी फाडफाड इंग्रजी बोलतेय, एवढंच तिला कळत होतं.

बाईंनी मम्मीला त्यातलं थोडं सांगितलं, सगळं नाही. ही सवय नाही, आजार आहे, आणि तो बरा होतो, असं त्या म्हणाल्या. शेजारच्या खोलीत एक समुपदेशक ताई होत्या. हात वर जायला लागला की मूठ घट्ट मिटायची आणि ओढ ओसरेपर्यंत मिटलेली ठेवायची, हे त्यांनी मला शिकवलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि मम्मीला दोन गोष्टी बजावल्या. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, आपल्या मनाने ती मध्येच बंद करायची नाही. आणि घरात जे कोणी हिच्याबरोबर राहतात, त्यांना सांगा. मम्मीने दोन्ही वेळा मान हलवली.

परतीच्या वेळी स्टँडवर बाकावर बसून मम्मीने पर्समधून एक पांढरी प्लास्टिकची डबी काढली. अंगणवाडीतल्या कोणा गरोदर बाईची रिकामी झालेली कॅल्शियमची डबी होती ती. तिने पाकिटातली एकेक गोळी अंगठ्याने दाबून डबीत सोडली. रिकामी पाकिटं चुरगळून स्टँडच्या कचरापेटीत टाकली, वर वर्तमानपत्राचा तुकडा टाकला. पाकिटावरचं नाव आजकाल कोणीही मोबाईलवर घालून बघतं, असं ती म्हणाली. घरी आल्यावर डबी तिने लपवली नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. लपवलेल्या वस्तूबद्दलच लोक विचारतात, असं तिचं म्हणणं.

गुण आला. एकदम नाही, पण आला. झोप लागायला लागली. मुठी मिटून मिटून तळहातावर नखांचे वण पडले, पण कानावरच्या जागेवर लव उगवली, मक्याच्या कणसावर असते तशी मऊ. एका सरांनी वर्गात उभं केलं तेव्हा मी उत्तर पूर्ण दिलं आणि मग खाली बसले. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

या दिवसांत मोठी आई माझ्यावर थोडी रुसलेली होती. ती डोकं जवळून पाहील म्हणून मम्मीने वेणी स्वतः घालायला सुरुवात केली होती. मोठ्या आईने एकदा चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता विचारलं, "आता माझा हात तिखट लागतो व्हय?" मी नाही म्हणाले. 

मग ती पेंगायला लागली. ज्वारी निवडताना सूप मांडीवर घेऊन बसल्या बसल्या डोळे मिटायची. सारखं पाणी प्यायची, तोंड कोरडं पडतंय म्हणायची. पप्पा तिची थट्टा करायचे, "वहिनी, फॅक्टरीत रातपाळी करता का काय?" ती म्हणायची, "तुमच्या फॅक्टरीत पगार कुठं वेळेवर हाय?" सगळे हसायचे.

मम्मी हसत नव्हती. तिला वेगळंच काही दिसत होतं. डबी लवकर हलकी होत चालली होती. मम्मी एकदा डबी हातात घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.  दुसऱ्या दिवसापासून गोळी घेताना ती समोर उभी राहायची. गिळून झाली की म्हणायची, तोंड उघड. जीभ वर कर. मी करायचे. माझ्या शाळेच्या दप्तराचे कप्पे तपासले जातायत, गादी उचलली जातेय, हे मला कळत होतं. मी गोळ्या साठवतेय असं तिला वाटत होतं. कशासाठी साठवतेय असं वाटत होतं, ते आम्ही दोघींनी उच्चारलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करावा असं मी एकदा म्हणाले, तर ती म्हणाली, महिन्याची फेरी आहेच, शनिवारी जाऊच.

शनिवार यायच्या आधीच मोठी आई हौदापाशी पडली. मी शाळेच्या बससाठी दारात उभी होते. ती हंडा घेऊन वळली आणि वळतानाच खाली बसावं तशी कोसळली. डोकं कट्ट्याला लागलं नाही एवढंच. डोळे उघडे होते, पण बोलणं जडावलं होतं आणि हात थरथरत होते. शेजारच्यांच्या टेम्पोत घालून आम्ही तिला श्रीरामपूरला नेलं. पप्पा फॅक्टरीतून परस्पर आले. वस्तीवरचे चार-पाच जणही मागोमाग आले, कारण मोठी आई म्हणजे सगळ्यांच्या बाळंतपणाला धावणारी बाई.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. काय काय औषधं चालू आहेत, असं त्यांनी विचारलं. पप्पा म्हणाले, फक्त बीपीची गोळी. खाटेवरून मोठी आई पुटपुटली, "आन् पोरीचं कॅल्शियम."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. गुडघे लई दुखतात. पोरीला कॅल्शियम चालू झालं, तिचे केसबी यायला लागले, म्हणजे गोळी चांगली हाय. म्हणून तीही घेत होती. पोर लहान म्हणून तिला एक, आपण थोराड म्हणून आपल्याला दोन. मागायला संकोच वाटला, म्हणून सांगितलं नव्हतं.

मी मम्मीकडे पाहिलं. तिचा रंग उतरला होता. तिने पदर तोंडाशी नेला आणि पप्पांकडे बघितलं. पप्पा जमिनीकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियमने असं होत नाही, डोक्याचं काहीतरी असू शकतं, नगरला हलवा, स्कॅन काढावा लागेल. मम्मीने मागे वळून पाहिलं. वॉर्डात आमच्या वस्तीची माणसं होती. मी वाट पाहत राहिले. मोठ्या आईची जीभ कोरड्या ओठांवरून फिरत होती आणि कोणीच काही सांगत नव्हतं.

मी डॉक्टरांच्या जवळ गेले आणि इंग्रजीत सांगितलं. ते कॅल्शियम नाही, माझं औषध आहे, नगरच्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी दिलेलं. औषधाचं नाव मला पाठ होतं, तेही सांगितलं. नगरच्या दवाखान्यात इंग्रजीच्या आड सगळं सुरक्षित राहिलं होतं, तसंच इथेही राहील असं मी धरून चालले होते. डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला. ते सगळ्यांकडे वळले आणि मोठ्या आवाजात, स्पष्ट मराठीत म्हणाले, "अहो, या मानसिक आजाराच्या गोळ्या आहेत. या मुलीच्या. तुम्ही यांना कॅल्शियम म्हणून कसल्या देताय?"

त्यांची काही चूक नव्हती. ते मोठ्या आईला वाचवत होते.

 वस्तीवरच्या एका काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कानावर आलेल्या ओढणीकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम सगळं उलगडल्यासारखं दिसलं.

मोठ्या आईला सलाईन लावलं, लक्ष ठेवलं, आणि ती बरी झाली. स्कॅन लागला नाही. घरी आल्यावर ती ओसरीत भिंतीला टेकून बसली आणि मम्मीला समोर बसवलं. आवाज चढवला नाही.

"मला सांगाया काय झालतं? म्या काय गावभर दवंडी दिली असती?"

मम्मी रडायला लागली. मोठ्या आईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "ऊस वाहिलेली बाई मी. दोन गोळ्यांनी मला आडवी केली. ही तर काडी हाय. हिचं काय करून ठिवतील?"

मम्मी म्हणाली, "ताई, त्या बाई म्हणाल्या होत्या, मध्येच बंद नका करू."

"त्या बाईंनी खाल्ल्यात का?"

मला बोलायलाच हवं होतं. त्या घरात तेव्हा माझ्याइतकं त्या गोळ्यांबद्दल कोणालाच माहीत नव्हतं. ती दुप्पट घेत होती, तिच्या बीपीच्या गोळीबरोबर घेत होती, तिच्या वयाला घेत होती, हे सगळं मला इंग्रजीत नीट मांडता आलं असतं. मराठीत मी एवढंच म्हणाले, "मला बरं वाटत होतं."

मोठ्या आईने मला जवळ ओढलं. तिच्या हाताला अजून सलाईनची पट्टी होती.

"वाटत असंल, बाळा. दारू पिनाऱ्यालाबी बरंच वाटतंय."

ती उठली, फळीवरून डबी घेतली, मोरीत ओतली आणि वरून तांब्याभर पाणी टाकलं. पप्पांनी अडवलं नाही. आता बोभाटा झालाच होता, आणि दवाखाना बंद झाला तर तो लवकर विसरला जाईल, असं त्यांना वाटलं असावं. मम्मीला मी नंतर एकदा विचारलं की आपण गुपचूप जाऊ या का. ती म्हणाली, "त्यांच्या जिवावर बेतलं होतं. आता मी कोणत्या तोंडाने बोलू?"

औषध एकदम तुटल्यावर काय होतं, ते बाईंनी सांगितलं होतं, तसंच झालं. मान वळवली की डोक्यात झिणझिण्या यायच्या. घाम यायचा, झोप गेली. मोठी आई माझ्या उशाशी बसून म्हणायची, विष उतरतंय, उतरू दे. माझ्या कपाळावर थंड पाण्याच्या घड्या ठेवायची. तिच्याइतकी सेवा त्या दिवसांत दुसऱ्या कोणी केली नाही.

मूठ मिटली जाईना. आधी उजवीकडची लव गेली, मग डावीकडे तशीच जागा झाली, मग मधोमध. शेवटी मम्मीने माझे केस अगदी बारीक कापले आणि मला टायफॉईड झाला होता असं शाळेत कळवलं. दहावीचं वर्ष मी शाळेपेक्षा घरीच जास्त काढलं. परीक्षा दिली, पास झाले. पेढे वाटण्याइतके गुण नव्हते आणि कोणी वाटलेही नाहीत. विहारात पप्पा भाषणाला उभे राहीनासे झाले. त्या हिवाळ्यात एकदा मी पाटाच्या वाहत्या पाण्याच्या कडेला जाऊन बराच वेळ बसले होते. त्याबद्दल मी एवढंच लिहीन.

आता मी नगरला एमआयडीसीत एका ऑफिसात काम करते आणि दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. पहिला पगार झाल्यावर मी एका शनिवारी एकटीच दवाखान्यात गेले. त्या पूर्वीच्या बाई तिथे नव्हत्या, दुसरे डॉक्टर होते. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. मध्ये उपचार का तुटले, असंही विचारलं. मी म्हणाले, घरी काळजी वाटली. त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांनी आधीही ऐकलं असावं. आता माझे पुष्कळ केस परत आले आहेत. उजव्या कानावरची जागा मात्र गुळगुळीत राहिली, तिथे आता येणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. इतकी वर्षं पुन्हापुन्हा उपटल्यावर मूळच राहत नाही. लवकर आला असता तर, असं काहीतरी ते म्हणायला लागले होते, मग थांबले.

सुट्टीला मी घरी जाते तेव्हा गोळ्या त्यांच्या पाकिटातच नेते. सकाळी चहा झाला की सगळ्यांसमोर पाकीट फोडते आणि गोळी घेते. पप्पा पेपर वर करतात. मम्मी पाण्याचा पेला माझ्या हातात देते. मोठी आई काही म्हणत नाही. मी मोठी झाले, कमावते, मला बोलायचा अधिकार आपल्याला नाही असं तिने ठरवून टाकलंय. मी तिला एकदा नीट मराठीत समजावलंही, वय, मात्रा, बीपी, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि "असंल" म्हणाली. पण मी गोळी गिळली की तिच्या हातातलं काम थांबतं. ती जिथे असेल तिथून माझ्याकडे बघत राहते. मी उठते, कप विसळते, अंगणात जाते, तरी तिची नजर माझ्या पायांवरून हलत नाही. मी कधी पडते, ते ती अजून बघत असते.